बाईंची सुइणींची शाळा

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. मोटार यायची तीच वेळ, म्हणून पक्कं सांगते. बालाघाटहून आलेल्या मोटारीतून एक उंच बाई उतरल्या आणि त्यांनी टपावरची ट्रंक स्वतःच मागून घेतली. आमचे हे कटंगीच्या दवाखान्यात कंपाउंडर. नव्या डॉक्टरसाहेबांसाठी हार घेऊन उभे होते. बाईंनी दवाखान्याची वाट विचारली तर म्हणाले, "थोडं थांबा बाई, आधी डॉक्टरसायेब उतरू द्या!"

"उतरले की!" बाई म्हणाल्या आणि हारासाठी मान पुढे केली.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. दवाखान्याच्या आवारात राहणाऱ्या बाईकडे किस्से धुण्यासारखे साचतात. एक पिळायला घ्यावा तर खालून दुसरा निघतो. मी सातवी शिकलेली, मला काही मांडून लिहिता येत नाही. आठवतील तसे सांगते.

०

माझी छबी तेव्हा मांडीवरची. वैशाखाचा उकाडा, आणि मी तिला झबलं, त्यावर स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला टोपडं, असं बांधलेलं. बाईंनी पाहिलं आणि विचारलं, "हे पार्सल कुठे पाठवायचंय?"

मी म्हटलं, "हवा लागते ना, बाई."

"कुठंय हवा? मला तरी दाखव!"

पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शांता, रोज एकच कपडा कमी करायचा. घाई नाही." पहिल्या दिवशी शाल गेली. मी दिवसभर तिच्या नाकापुढे बोट धरून बसले, श्वास चालू आहे ना म्हणून. स्वेटर निघाला त्या दिवशी छबी पहिल्यांदा खदखदून हसली!

बाईंचं सगळं ऐकायची मी. फक्त एक नाही. छबीला देवीची लस टोचायची नाही म्हणजे नाही. तिच्या आधी मला मुलगा होता. टीकेवाला त्याला टोचून गेला आणि मागोमाग माता आली, म्हणजे देवीच, अन् तो गेला. टोचण्याआधीच ती त्याच्या अंगात होती, असं हे समजावतात. मला ते कळतं. पण टोचणी दिसली की हात लेकराला घट्ट धरतात, ते सोडत नाहीत.

०

बाई नागपूरच्या, पण बदली मागून इकडे आलेल्या. इथे मोठं हॉस्पिटल होईल तेव्हा होईल, तोवर गावागावातल्या सुइणींना शिकवायचं, असं त्यांच्या मनात. निरोप धाडले, तर एक फिरकली नाही. मग बाईंनी वर्ग बाजाराच्या दिवशी ठेवला. भाजी घ्यायला तर येतीलच! तशा आल्या. सगळ्यांत पुढे पार्बतामाय. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली.

आल्या आल्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्या एवढे लेकरं हातावर घेतले, अन् आता तू मले शिकवून राह्यली? तुले किती लेकरं हायेत?"

"एकही नाही, माय."

"मंग?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही मला तुमचं सांगा. मी तुम्हाला फक्त नखं कापायला सांगते."

पार्बतामायनं दोन्ही हात बाईंपुढे धरले. "मंग काप!"

तिला वाटलं, बाई उठून जातील. बाई खाली जमिनीवर बसल्या. एकेकीचा हात मांडीवर घेऊन सगळ्यांची नखं कापली. पहिला धडा तेवढाच झाला. जाताना पार्बतामाय आपले हात उलटेसुलटे पाहत म्हणाली, "लग्नानंतर माहा हात कोणं एवढा वेळ धरला नवता वो!"

०

नाळ कापायची कात्री चांगली वीस मिनिटं उकळायची, हा दुसरा धडा. पण घड्याळ कुणाकडे? बाईंनी विचारलं, "जात्यावरचं एखादं लांब गाणं येतं का?" येतं म्हणजे काय, संपतच नाही असं येतं! बाईंनी आपल्या घड्याळावर ते मोजून पाहिलं, वीस मिनिटं भरलं. गाणं संपेपर्यंत कात्री पाण्यातून काढायची नाही, असं ठरलं.

पुढच्याच आठवड्यात एका घरी पार्बतामाय चुलीपुढे बसून गाणं म्हणत होती आणि आत बाळंतीण कळा देत होती. पार्बतामायला आपलंच गाणं इतकं आवडलं, की एक कडवं दोनदा म्हटलं. आतून बाळंतीण ओरडली, "माय वो, कडवे गाळ ना! हे लेकरू काई थांबून नाई राह्यलं!"

०

शिकवायला बाहुली हवी होती. वरून मागवली तर उत्तर आलं नाही. मी माझ्या जुन्या लुगड्याची शिवली, पोटात कापूस भरला, नाळेला सुती दोर लावला. बाईंनी त्या बाहुलीवर सगळं करून दाखवलं. कसं धरायचं, तोंड कसं पुसायचं, नाळ कुठे बांधायची. वर्ग संपला, बाई उठल्या, पण सुइणी जागच्या हलेनात.

"काय झालं, माय?"

"लेकरू झालं ना?"

"झालं."

"मंग पाचवी नाई कराची? सटवाई रुसन ना!"

ह्यांना हसू आवरेना. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "करायची. पाचव्या दिवशी सगळ्यांनी या."

आणि एवढी गर्दी वर्गाला कधी झाली नव्हती! सुइणी सुनांना घेऊन आल्या, सुना शेजारणींना. दिवा लागला, फुटाणे वाटले, आणि बायका बसल्याच आहेत तर बाईंनी नाळेचा धडा पुन्हा एकदा सगळ्यांना शिकवून टाकला.

नेमके तेव्हाच बालाघाटहून साहेब तपासणीला आले. ओसरीत पूजा, पाळण्यात काहीतरी, बायका गाऊन राहिलेल्या. साहेबांनी ह्यांना विचारलं, "किसका बच्चा है?"

हे गडबडून म्हणाले, "सरकारी है, साब!"

०

हिवाळ्यात तिरोडीकडून बातमी आली, तिकडे माता निघाली आहे. बाईंच्या सुइणी गावोगाव सांगायला निघाल्या, लेकरं टोचून घ्या. सगळीकडे एकच उत्तर, "कंपाउंडरच्या घरची पोट्टी तर कोरीच हाय. आमचेच काहून टोचता?"

पार्बतामाय दमून आली आणि पायरीवर बसून राहिली. मी छबीला घेऊन दार लावून बसले.

बाजाराच्या दिवशी बाईंनी चिंचेखाली टेबल मांडलं. बायका जमल्या, लेकरं कडेवर, पण पुढे कुणी होईना. मी लांब, बांगडीवाल्याच्या मागे उभी होते. एकीनं मला पाहिलंच. मोठ्यानं म्हणाली, "पह्यले हिची टोचा, मंग आमची!"

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

बाई उभ्या राहिल्या. "तिला कुणी काही बोलायचं नाही. तिच्या लेकराचं ती ठरवेल." आणि पार्बतामायला म्हणाल्या, "आवरा, माय. आज कुणी येत नाही."

पार्बतामाय सामान भरायला लागली.

माझे पाय कधी निघाले मला माहीत नाही. मी टेबलाशी गेले आणि छबीचा दंड उघडा केला. "बाई, टोचा."

बाईंनी टोचणी घेतली आणि तशाच थांबल्या. घेतलेली टोचणी त्यांनी पुन्हा टेबलावर ठेवली! बाईंनी!

"शांता, हिला काही झालं तर... थोडा वेळ दे मला," त्या हळूच म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, भ्याचं नाई. मी धरली हाय तिले."

छबी रडली. मग मी रडले. बाईंनी तोंड फिरवून चष्मा पुसला.

मघाशी "हिची टोचा" म्हणणारीच माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आपल्या लेकराची बाही वर करता करता विचारलं, "ताप येईन का वं?"

"हौ, येईन. मी बसून राहीन उशाशी, तू बी बसजो. अन् घरी गेली का जावेले सांगजो, शेजारणीले सांगजो, रस्त्यानं जे भेटन तिले सांगजो, लेकरं घेऊन या म्हणा. अन् हे बी सांगजो, का मी लय भेली होती."