नव्या लॅपटॉपमधलं बारसं

मंडळी, आज डोकं लई तापलंय!

मी एसटीनं गावोगावी फिरून बचत गटांची कागदपत्रं टाइप करून देते. पिशवीत मावेल असा छोटा, स्वस्तातला लॅपटॉप घ्यायला बीडला गेलते.

दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, एकदम नवा हाय."

तिथंच चालू केला, तर आत कुणाच्यातरी बारशाचे फोटो.

"हे बाळ कुणाचं हो, दादा?"

"कंपनीच टाकून देती, नमुन्याला."

बाळाच्या मागं बीडच्याच मंगल कार्यालयाची पाटी दिसत होती!

मी म्हटलं, "जुना हाय म्हणला असतात, तरी घेतला असता. खोटं कावून बोललात?"

"ताई, एवढ्या स्वस्तात अजून काय पाहिजे?"

लॅपटॉप तिथंच ठेवून हात हलवत परत आले. स्वस्त मागणाऱ्याला खरं सांगायची गरज नसती का हो?