डोळ्याच्या कडेने दिलेली सुई

ग्रिलवाल्याने खिडकीचे गज वाकडे बसवले आहेत, असं आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते आणि खोक्यांच्या पुरवठादाराशी वाद घालत होते.

"वाकडे म्हणजे?"

"वाकडे म्हणजे वाकडे. मधोमध पोट आलंय त्यांना. त्याला बोलावून दाखवलं तर म्हणतो, काकू, सरळ आहेत. माझ्या तोंडावर खोटं बोलतो."

रविवारी येते म्हटलं आणि पुरवठादाराकडे वळले.

आई कल्याणला एकटी राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वडील मोहन्याच्या कारखान्यात होते तेव्हा घेतलेलं घर. ते गेल्यावर मी तिला ठाण्यात माजिवड्याला आमच्याकडे राहायला ये म्हटलं होतं. "माझं मला करता येतंय तोवर मी इथेच," ती म्हणाली. मी फार ताणलं नाही.

तिच्या उजव्या डोळ्यात लहानपणीच फूल पडलं. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार कळतो, बाकी काही नाही. आयुष्यभर जे काही पाहिलं ते डाव्याने. शाळेत शिकवलं, वह्या तपासल्या, संसार केला, सगळं त्या एका डोळ्यावर. त्यात मोतीबिंदू झाला तेव्हा डोंबिवलीच्या डॉक्टरांकडे ऑपरेशन केलं. ते चांगलं झालं. पट्टी निघाल्यावर तिला भिंतीचा रंग एवढा उजळ दिसला की, रंग कधी काढलास, असं तिने मलाच विचारलं.

मग भेटायला लोक आले. आमच्याकडे मोतीबिंदूचं माणूस भेटलं की प्रत्येक जण त्याच्यासमोर बोटं धरतो. "सांगा बघू, किती?" शेजारच्या काकूंनी धरली, मावशीने धरली, खालच्या मेडिकलवाल्याने काउंटरवरून धरली. आणि का कोण जाणे, सगळे दोनच धरतात. आई दोन म्हणायची. लोक म्हणायचे, वा. त्या वेळी तिला खरंच दिसत होतं. पुढे दीडेक महिन्याने दिसेनासं होऊ लागलं, तरी उत्तर दोनच राहिलं आणि तेही बरोबर यायचं.

रविवारी गेले. खिडकीपाशी उभी राहिले. गज सरळ होते. माझ्या डोळ्यांवर विश्वास नको म्हणून मी कपाटातून तिची शाळेतली लाकडी पट्टी काढली आणि गजाला टेकवून धरली. मध्ये फट नव्हती.

"बघ. पट्टीला लागून आहे."

आई जवळ आली. मान इकडे तिकडे करून बघत राहिली.

"ही पट्टी कुठली?"

"तुझी. मुलांच्या हातावर मारायचीस ती."

"मी कोणाला मारलं नाही. टेबलावर आपटायचे." मग म्हणाली, "तीही वाकडी आहे."

तोपर्यंत तिचं अख्ख्या इमारतीत सांगून झालं होतं. सगळ्यांनी एकाच माणसाकडून ग्रिल करून घेतल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या खिडकीकडे निरखून पाहिलं आणि त्यांनाही त्यांचे गज वाकडे वाटायला लागले. त्यांच्यामुळे समोरच्यांना. ग्रिलवाल्याला तीन घरांतून फोन गेले होते.

"त्याला फोन कर आणि सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? डोळा वाकडा आहे म्हणून?"

"हो."

"तूच सांग. तुला जमतं असलं."

मीच सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी काकूंना सांगत होतो ना. पण दुसऱ्या मजल्यावरच्या आँटींचं काय? त्यांचा पण डोळा?" मी म्हटलं, त्यांचं त्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला डोंबिवलीला नेलं. डॉक्टर बाई तरुण आहेत, भराभर बोलतात. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली, मशीनवर हनुवटी टेकवून पडद्याचा फोटो काढला. स्क्रीनवर एक करडा पट्टा होता. मधोमध तो वर उचलला गेला होता आणि आत काळ्या पोकळ्या होत्या, ब्रेडच्या तुकड्यात असतात तशा.

"पडद्याला सूज आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मोतीबिंदूनंतर काही जणांना येते. ऑपरेशनमध्ये काही चुकलं नाही, आजी. आतल्या दाहाने पाणी साठतं. आपण जिथून बारीक बघतो, नेमक्या त्या जागी. म्हणून रेषा वाकड्या दिसतात."

"जाईल?" मी विचारलं.

"बहुतेकांची जाते. आधी थेंब देऊन बघू. हा एकच डोळा आहे, त्यामुळे जपूनच जाऊ."

थेंब दोन प्रकारचे, दिवसातून कितीतरी वेळा. बाटलीचं टोक डोळ्यासमोर धरायचं आणि तोच डोळा अंधुक, म्हणजे तिचं तिला घालता येईना. अर्धे गालावर. म्हणून तिला माजिवड्याला आणलं. मुलगा नोकरीसाठी बाहेर असतो, त्याची खोली रिकामी होती. नवऱ्याने कपाटाचे दोन कप्पे मोकळे करून दिले. तिने एकच वापरला. दुसऱ्यात तिची पिशवी तशीच ठेवली, बंद चेनची.

"तुमच्या घरात सगळं पांढरं आहे," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "भिंती पांढऱ्या, ओटा पांढरा, कप पांढरे. कुठे काय संपतं कळत नाही." तिने चहा कपाच्या बाजूला ओतला होता. मी फडक्याने पुसला आणि संध्याकाळी येताना दोन लाल मग आणले.

त्या दिवसांत मला काय वाटत होतं ते सांगणं कठीण आहे. काही विशेष वाटत नव्हतं. सकाळी उठून थेंब, डबा, थेंब, ऑफिस. दुपारचे थेंब कामवाली घालायची. मावशी फोनवर रडली तेव्हा मी फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरत होते. आई कायमची आमच्याकडे आली तर काय काय करावं लागेल, याचा हिशोब डोक्यात आपोआप चालायचा. बाथरूमला दांडी बसवायची. कल्याणच्या घराचं पाणी बंद करायचं. तिथली भांडी कोणाला द्यायची. हिशोबात मी चांगली आहे. त्यात दुःख करायचं राहून जायचं.

आई मात्र एकदाही रडली नाही. दिवसभर हॉलमध्ये बसून टीव्ही ऐकायची. नवरा एकदा मला म्हणाला, "त्या फार शांत आहेत ग." मी म्हटलं, दिसत नसेल तर काय नाचणार?

थेंबांनी सूज थोडी कमी झाली आणि मग तिथेच थांबली. नव्या फोटोत पोकळ्या लहान होत्या, पण होत्या. डॉक्टर म्हणाल्या, आता इंजेक्शन द्यावं.

"डोळ्यात?" आईने विचारलं. तिने माझ्या मनगटाला धरलं. तिच्या हाताला जोर आहे अजून.

"आत नाही. ऐका, आजी. डोळा म्हणजे उशी समजा. उशीला अभ्रा असतो ना? अभ्रा आणि उशी यांच्या मधल्या जागेत औषध सोडायचं. उशीला भोक पडत नाही. तिथून ते हळूहळू आत झिरपतं."

"आणि डोळ्याच्या आत देतात ते कसं?" आईने विचारलं.

"त्यात सुई उशीच्या आत जाते. तीही आम्ही नेहमी देतो, लवकर काम करते. पण आत गेलं की जंतुसंसर्गाचा थोडासा का होईना, धोका असतो. तुमचा दुसरा डोळा कामाचा असता तर मी एवढा विचार केला नसता. आधी बाहेरून देऊ. गुण यायला वेळ लागतो. डोळ्याचा दाब वाढू शकतो, तो तपासत राहावा लागेल."

"आणि त्यानेही नाही झालं तर?"

"मग आतून."

"आणि त्यानेही नाही झालं तर?"

"मग आहे तेवढ्यावर भागवायचं."

"म्हणजे कल्याणचं घर बंद," आई म्हणाली.

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं. मी पर्समधून पाण्याची बाटली काढून तिला दिली.

इंजेक्शनच्या दिवशी तिला टोपी आणि हिरवा झगा घातला. झग्याच्या नाड्या मागे असतात, तिने पुढून घातला आणि नर्सशी वाद घातला की मागून कसा बांधणार, हात पोचतात का? नर्स म्हणाली, "आजी, मी आहे ना बांधायला." "मी तुझी आजी नाही," आई म्हणाली आणि आत गेली.

मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक माणूस मोबाईलवर मोठ्याने क्रिकेट बघत होता. आत माझ्या आईच्या एकुलत्या एका डोळ्याशेजारी सुई जात होती, आणि मी नव्या खोक्यांचे नमुने मंजूर करत होते. एक रंग चुकला होता, तो कळवला. मग मेल पाठवून झाली आणि करण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा हात गार पडलेत हे लक्षात आलं. ते मी मांडीखाली घेऊन बसले.

ती बाहेर आली ती पट्टी बांधून, म्हणजे पूर्ण आंधळी. नर्सने तिचा हात माझ्या हातात दिला.

"दुखलं?"

"नाही. बधिर केलं होतं. दाबल्यासारखं झालं फक्त." मग म्हणाली, "खाली बघा, नाकाकडे बघा, असं सारखं म्हणत होती. सत्तरी उलटली, कोणी मला माझं नाक बघायला सांगितलं नव्हतं."

शीळफाट्याला नेहमीसारखं अडकलो. "कुठे आलो?" तिने विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

पट्टी दुसऱ्या दिवशी निघाली. डोळा लाल होता, दिसणं तेवढंच. पुढचे दोन आठवडे काही झालं नाही. मी बाथरूमला दांडी बसवून घेतली. आई हात लावून म्हणाली, "मजबूत आहे," आणि तिला न धरता आत गेली.

मग एके सकाळी मी डबा भरत असताना ती ओट्यापाशी आली. "ही कोथिंबीर सडलीय. पिवळी पानं तशीच घातलीस?" मी बघितलं. दोन पानं पिवळी होती. मी ती काढून टाकली.

पुढच्या तपासणीत करडा पट्टा जवळजवळ सपाट झाला होता. दाब किंचित वाढला होता, त्याला वेगळा थेंब दिला. भिंतीवरच्या तक्त्यावर ती खालून तिसऱ्या ओळीपर्यंत पोचली. पूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

"थोडं कमी राहील कदाचित," डॉक्टर म्हणाल्या. "सूज परतही येऊ शकते. आली तर पुन्हा बाहेरून देऊ. दर महिन्याला यायचं. रोज हा चौकटींचा कागद बघायचा, रेषा वाकड्या दिसल्या तर लगेच कळवायचं."

"एकटं राहता येईल का?" आईने विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती तुम्हाला विचारतेय."

"थेंब घालता येत असतील तर हो."

आईने पर्समधून बाटली काढली, मान मागे टाकली आणि तिथेच घालून दाखवला. एक थेंब, डोळ्यात. मग बाटली बंद करून म्हणाली, "चल."

बाहेर आल्यावर मी गाडी ठाण्याकडे वळवणार होते. "कल्याण," ती म्हणाली.

"तुझी पिशवी घरी आहे."

"पिशवी नंतर आण. घरात साड्या आहेत माझ्या."

तिला वर सोडलं. दूध, ब्रेड आणून दिलं. नळ सोडून बघितले, फ्रिज चालू केला. अजून काही आहे का, असं विचारलं. नाही म्हणाली. जिन्यातून खाली येताना माझ्या लक्षात आलं, माझ्या हिशोबातल्या गोष्टी आता कराव्या लागणार नाहीत. निदान या वर्षी. त्याने हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, जड पण वाटलं नाही.

घरी पोचल्यावर फोन केला. तिने उचलला नाही. पुन्हा केला. नाही. मी गाडीची किल्ली पुन्हा हातात घेतली होती, तेवढ्यात तिचाच फोन आला.

"काय ग, सारखा फोन? जेवत होते."

"काही नाही. पोचले."

"बरं. ठेवते. गार होतंय."