स्टिअरिंगवरचं कुंकू

भूकंपापासून वैजनाथला स्लॅबखाली बसवत नाही. लातुरात तो गाड्यांचं वायरिंग लिंबाखालीच करतो, तेही सारखा येरझारा घालत. क्लास घेणाऱ्या अंबरीश सरांच्या गाडीत स्टिअरिंगवरची बटणं अडकली होती. गाण्याचा आवाज आपोआप वाढायचा. फ्यूज बघितला, वायर बघितली, सगळं ठीक.

"सर, तुम्हीच चहा सांडलाय!" वैजनाथ सकाळपासून करवादत होता.

"अरे, मी चहा पीतच नाही."

"मग कुणी सांडला?"

शेवटी त्यानं बटणांची पट्टी उचकटली. फटीत कुंकू वाळून खडा झालेलं. दसऱ्याला अवजारांबरोबर गिऱ्हाइकांच्या गाड्याही त्यानंच पुजल्या होत्या, स्टिअरिंगला ओलं बोट लावून.

"काय निघालं?" सरांनी विचारलं.

वैजनाथ दिवसात पहिल्यांदा खाली बसला.

"माझी भक्ती," तो म्हणाला.