गाळात मुरलेलं तांबं

माझी ताई समुद्राच्या तळाचा गाळ तपासते. लोकांच्या बहिणी कामावरून आल्या की हातपाय धुऊन चहा घेतात. ही आधी दाराबाहेर बूट धुते, मग नखं घासते, आणि तरी तिच्याजवळ बसलं की ओहोटीचा वास येतोच. मी तिला चिखलराणी म्हणतो. ती मला उतावळा म्हणते, आणि खोटं कशाला बोलू, मी आहेच.

तर झालं काय, किनाऱ्याच्या गाळात तांबं किती असलेलं चालेल, याची मर्यादा ठरायची होती. हे तांबं येतं होड्यांच्या बुडाला लावायच्या रंगातून. ठरवणार समिती, पण आकडा काढून द्यायचा ताईनं. आणि जिथला गाळ त्या आकड्याच्या वर जाईल, तिथली शिंपल्यांची शेती बंद! माझं पोट त्याच शेतीवर. खाडीच्या पाण्यात सोडलेल्या दोरांवर माझे शिंपले वाढतात, दोन जागी: एक खोल पाण्याकडे, दुसरी होड्या दुरुस्त करतात त्या गोदीच्या भिंतीलगत. म्हणजे बघा, मान भावाची आणि सुरी बहिणीच्या हातात.

तिचं काम सांगतो. स्वच्छ गाळ बरण्यांत भरायचा, प्रत्येक बरणीत आधीच्यापेक्षा जास्त तांबं कालवायचं, वर समुद्राचं पाणी घालायचं आणि आत तांदळाच्या दाण्याएवढे जीव सोडायचे. कोळंबीची चुलत भावंडंच म्हणा ना. ते गाळात बिळं करून राहतात. काही दिवसांनी गाळ चाळून कोण जगलं, कोण मेलं ते मोजायचं.

पहिल्या फेरीत थोड्याशा तांब्यातच सगळे पटापटा मेले. ताईनं तसा आकडा कळवूनही टाकला. त्या हिशेबानं माझ्या दोन्ही जागा बाद. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. तिच्या घरी जाऊन मी असा काही तमाशा केला की भाऊजींनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग एका दुपारी तिचाच फोन. आवाज असा चढलेला की मला वाटलं हिला लॉटरी लागली. मी गमबुटांसकट प्रयोगशाळेत धावलो. लांबट खोली, भिंतभर फळ्या, फळ्यांवर बरण्या आणि प्रत्येकीत हवेच्या नळीचे बुडबुडे. तिनं दोन बरण्या माझ्यापुढे ठेवल्या. एकीत तिनं तांबं कालवलेला गाळ, दुसरीत माझ्या खोल पाण्याकडचा. तांबं दोन्हींत सारखंच. पहिलीत मेलेले जीव गाळावर पडलेले. दुसरीत वर चिटपाखरू नाही, नुसती बिळांची तोंडं. आणि एका तोंडातून, देवाशप्पथ, मिशा हलत होत्या!

मी बरणीला नाकच चिकटवलं. ती भराभरा सांगत सुटली. तिनं तांबं कालवून दुसऱ्याच दिवशी जीव आत सोडले होते. पण तांबं गाळात मुरायला आठवडे लागतात. तोवर ते वरच्या पाण्यात सुटत राहतं, आणि बिचारे मेले ते त्या पाण्यानं. माझ्या खाडीत ते केव्हाच मुरलेलं. समितीची तारीख तोंडावर आली म्हणून बाईसाहेबांनी घाई केली होती. मला जन्मभर उतावळा म्हणणाऱ्या बाईसाहेबांनी! मी हसायला लागलो, मग तीही. दोघांनी नाचायचंच काय ते बाकी होतं.

पण ही चूक समितीपुढे सांगायची, आणि त्यात फायदा कुणाचा, तर सख्ख्या भावाचा. लोक काय म्हणणार ते कळायला ज्योतिषी नको. मी म्हटलं, माझा विषयच काढू नकोस. तर माझ्यावरच खवळली.

सभेत मी शेवटच्या रांगेत अंग चोरून बसलो होतो. ती उभी राहिली.

"माझा भाऊ या खाडीत शिंपले पिकवतो. तो मागे बसलाय. आता माझी चूक ऐका."

सगळ्या माना मागे वळल्या. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं, आणि त्याच वेळी अभिमानानं छाती अशी फुगली की काय सांगू. तिनं सगळी चूक सांगितली. मग म्हणाली, नवी फेरी दुसऱ्या प्रयोगशाळेत होऊ दे, तांबं मुरू देऊन, बरण्यांवर जागांची नावं न घालता. आपण स्वतः त्यांना हातही लावणार नाही, असंही म्हणाली. अध्यक्षबाई हो म्हणाल्या.

निकाल येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. अखेर फोन वाजला. मर्यादा वर गेली होती, खोल पाण्याची जागा वाचली! मी असा ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. पण ताईचं बोलणं संपलं नव्हतं. भिंतीलगतचा गाळ नव्या मर्यादेतही बसत नव्हता. तिथले दोर काढावे लागणार होते.

"ताई, बाबांनी सुरू केलेली जागा आहे ती."

"म्हणून तर मी येतेय."

सकाळी ती गमबूट घालून होडीत हजर. भिंतीलगतचा पहिला दोर तिनंच ओढला, लगडलेल्या शिंपल्यांसकट, डोळे पुसत. दुसऱ्याला मी हात घातला.