बोटांनी बघायचं रान

आमच्या थोरल्या जाऊबाई जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार मानतात. ज्यांना सुई टोचून झाली आहे त्या, आणि ज्यांना अजून टोचायची आहे त्या. कापड हा त्यांच्या लेखी फारच सोपा, जवळजवळ कंटाळवाणा माल. आष्ट्याच्या घरात मी धाकटी सून म्हणून आले, तेव्हा जमलेल्या सगळ्या बायका माझ्या दागिन्यांकडे बघत होत्या. जाऊबाईंनी मात्र माझ्या शालूचा पदर दोन बोटांत धरला, चुरगाळून बघितला आणि अगदी मायेनं विचारलं, "ह्यो जुना कवा हुईल गं?" सासरची माणसं मनात काही ठेवत नाहीत, एवढं मला तिथंच कळलं.

त्यांचं माहेर आटपाडीकडचं. शेजारी मेंढरं राखणारी घरं, त्यामुळे लोकर कातायला त्या परकर नेसायच्या वयातच शिकल्या. पुढे लग्न होऊन उसाच्या रानात आल्या. लोकर सुटली, पण हात काही स्वस्थ बसेनात. मग खताची पोती, ठिबकच्या नळ्या, ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब, कांद्याच्या जाळीदार पिशव्या, कॅसेटच्या फिती, असं जे जे घराबाहेर जायला निघायचं ते त्या दारातच अडवायच्या. दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून त्यांनी एकदा बसकर विणलं. उन्हाळ्यात ते असं चिकटायचं की पाहुणे उठून निघाले की बसकरही त्यांना दारापर्यंत पोचवायला जायचं. थोरले दीर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांचा रेनकोट, मच्छरदाणी आणि एका बुटाची जीभ बेपत्ता झाली. तेव्हापासून त्यांनी आपल्या ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. "सरहद्दीवर मला एवढा पहारा द्यावा लागला न्हाई," असं ते आल्यागेल्याला सांगत.

सासरे होते तेव्हाची गोष्ट. त्यांना खोकल्याची ढास लागली म्हणून सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मागच्या वर्षीचा एक्स-रे घेऊन या, ताडून बघू. घरी येऊन दिरांनी कपाट, माळा, गादीखाली, सगळीकडे शोधलं. जाऊबाई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाल्या, "माजघरातल्या खिडकीला हाय." खरंच होता. काळ्या कापडाच्या मधोमध चौकट कापून तिथं सासऱ्यांच्या बरगड्या बसवल्या होत्या आणि भोवती हिरव्या दोऱ्याचे पोपट. सकाळच्या उन्हात तो पडदा फार सुंदर दिसायचा, हे मलाही कबूल करावं लागेल. दीर अख्खा पडदा बगलेत मारून सांगलीला गेले. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "छाती साफ आहे. पोपट कुणी काढलेत?" जाऊबाईंना आयुष्यात मिळालेली ही पहिली शाबासकी.

दुसरी मिळायला फार वर्षं गेली, कारण घरात ज्यांची शाबासकी खरी, त्या सासूबाईंना हा सगळा उद्योग बिलकूल पसंत नव्हता. सासूबाई म्हणजे घरचं रान स्वतः कसून घेणारी बाई. कुठल्या सरीत पाणी आहे, कुठल्या बांधावर गवत माजलंय, हे त्या ओसरीवर बसून सांगत. जाऊबाईंच्या पसाऱ्याला त्या 'उकिरडा' म्हणत. "उकिरडा निदान रानाला तरी लागतो. तुझ्या ह्या उकिरड्याचं खत बी हुत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जाऊबाई पदरात हसू लपवायच्या आणि सुईत दोरा ओवायच्या.

मग सासूबाईंचे डोळे गेले. काचबिंदू होता आणि त्यांनी तो कुणाला कळू दिला नव्हता. कळलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर आता परत येणार नाही. सासूबाई रडल्या नाहीत. घरी आल्या, बाजेवर बसल्या आणि भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. ताट पुढे आलं तर जेवायच्या, नाही आलं तर मागायच्या नाहीत. रानाचं तर नावच काढेनात. दीर मुद्दाम जवळ बसून उसाचं सांगायला लागले की त्या म्हणायच्या, "मला काय करायचंय आता?" मी आणि माझे यजमान नोकरीमुळे साताऱ्याला असायचो. दर आठवड्याला फोन केला की जाऊबाई एकच सांगायच्या, "आज बी बोलल्या न्हाईत."

पुढच्या सुट्टीत गेले, तर जाऊबाई परसात डोळ्यांना फडकं बांधून बसलेल्या. हातात दिरांचा एक बूट होता आणि त्या त्याच्यावरून हळूहळू बोटं फिरवत होत्या. दीर लांब खांबाला टेकून काळजीनं बघत होते. मला हळूच म्हणाले, "चार दिवस हेच चाललंय. काल जात्याला धडकली. तूच इचार, मला धीर हुईना." मी जवळ जाऊन विचारलं, "अक्का, काय करताय?"

"बगाय शिकतोय," त्या म्हणाल्या. "आत्याबाईंला रान दावायचंय. त्या रानात जायच्या न्हाईत. मग रान हितं आणाय पायजे."

त्यांनी ठरवलं होतं की आपल्या सगळ्या रानाची एक वाकळ शिवायची, गोधडीसारखीच, पण हातानं चाचपून कळेल अशी. पहिली वाकळ तर मी यायच्या आधीच शिवून झाली होती. उसाला सुती, ओढ्याला रेशमी, बांधाला मखमल, असं महिनाभर खपून केलेलं काम. ती सासूबाईंच्या मांडीवर ठेवली तेव्हा त्यांनी एकदा हात फिरवला आणि बाजूला सारली. "माझ्या अंगावर कशाला टाकतीस? मला थंडी वाजत न्हाई." जाऊबाईंना आधी वाईट वाटलं आणि मग कारण सापडलं. चाळीस वर्षं खुरपं धरलेली ती बोटं. त्यांना सुती आणि रेशमी यातला फरक कुठून कळायचा? त्यांना खरखरीत, टोचणारं, गुळगुळीत, थंडगार असंच काही लागणार. त्यांनी अख्खी वाकळ उसवली. आणि ज्या ढिगाला आम्ही सगळे वर्षानुवर्षं हसत आलो, तो उपसायला घेतला.

उसाला उसाचंच पाचट हवं, यावर त्या अडून बसल्या. उसाची वाळलेली पानं ती. त्यांची कड हाताला कापते, दोरा ओढला की पान चिरतं, वाळलं की चुरा होतो. त्यांनी ती भिजवली, सावलीत सुकवली, तेल चोळलं, तरी मोडायची. शेवटी पाण्यात थोडा डिंक घालून बघितलं आणि ती वाकायला लागली. तोवर बोटांना इतक्या चिंध्या बांधल्या होत्या की भाकरी थापायचं काम महिनाभर दिरांकडे होतं. त्या भाकऱ्यांचा आकार कुठल्याच नकाशात बसणारा नव्हता. पाटाला ठिबकची नळी, रस्त्याला ट्यूबचं रबर, चिंचेच्या झाडाला तापल्या सुईनं भोकं पाडलेले चिंचोके. गवताळ बांधाला आटपाडीहून मागवलेली लोकर. ओढ्याला मात्र काही सापडेना. ओला नाही, पण हाताला थंड लागला पाहिजे. एक दिवस दिरांनी आपण होऊन गळ्यातली किल्ली काढली, ट्रंक उघडली आणि नवा रेनकोट पुढे ठेवला. "ह्यो बग चालतोय का," एवढंच म्हणाले.

वाकळ झाली तेव्हा मी पुन्हा सुट्टीला आले होते. जाऊबाईंनी ती सासूबाईंच्या मांडीवर पसरली आणि त्यांचा हात धरून एका कोपऱ्यात ठेवला. पाचट बोटाला टोचलं. हात मागे गेला आणि पुन्हा तिथंच आला.

"ह्यो ऊस न्हवं?"

"व्हय, आत्याबाई."

बोटं पाचटावरून पुढे सरकत गेली. मग सासूबाईंनी विचारलं, "तोडल्यावर फुटलेला खोडवा हाय का नवी लागण?"

"नवी लागण."

"मग इतकी इरळ का घातलीस?"

जाऊबाई उठून आत गेल्या. मला वाटलं डोळे पुसायला गेल्या. त्या आणखी पाचट आणायला गेल्या होत्या.

त्या दिवसापासून घरातली शांतता जी मोडली ती पुन्हा जुळली नाही. सासूबाई रोज सकाळी वाकळ मागायच्या आणि रोज चूक काढायच्या. बांध सरळ नाही, वाकडा आहे. पाट चुलत्यांच्या रानाकडून नाही, वरून येतो. सगळ्यात मोठं भांडण विहिरीचं. जाऊबाईंनी विहीर चिंचेपासून लांब शिवली होती आणि सासूबाई म्हणत, विहीर चिंचेच्या अगदी जवळ आहे. जाऊबाई इतर सगळं उसवून द्यायच्या, पण विहिरीला हटल्या. "मी रोज पाणी बगतोय न्हवं तितं?" त्या म्हणायच्या. आठवडाभर हे चाललं. शेवटी एका सकाळी सासूबाई बाजेवरून उठल्या आणि म्हणाल्या, "चल. दावते तुला."

आठ महिन्यांनी त्या घराबाहेर पडल्या. एका बाजूला जाऊबाई, दुसऱ्या बाजूला मी आणि मागे दीर. चिंचेच्या खोडाला हात लावून त्या थांबल्या, पदर खोचला आणि मोठ्यानं मोजत चालायला लागल्या. नवव्या पावलाला त्यांचा हात विहिरीच्या कठड्यावर पडला. "नऊ," त्या म्हणाल्या. "तुझ्या वाकळंत मला पार बांधापर्यंत जावं लागतंय." जाऊबाईंनी चिंचेकडे बघितलं, कठड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चुकलं माझं, आत्याबाई." परत येताना सासूबाई कान देत मध्येच थबकल्या. पाणी भलतीकडेच गळतंय, नळीचा सांधा सुटलाय, म्हणाल्या. दीर बघायला गेले. सांधा सुटला होता.

मग रोज संध्याकाळी ओसरीवर रानाचा कारभार सुरू झाला. सासूबाई वाकळीवर बोट ठेवून विचारणार आणि दीर समोर ताठ उभे राहून जबाब देणार. "असला नकाशा आमच्या पलटणीत बी न्हवता," ते मला म्हणाले, आणि बायकोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. सासूबाईंनी एकदाच, मी निघताना, वाकळीवर हात ठेवून सांगितलं, "थोरलीचा हात चांगला हाय." जाऊबाई तेव्हा गोठ्याकडे होत्या. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि भरलेली बादली उचलायची विसरून घरात गेल्या.

दोन वर्षं असं चाललं. वाकळ वाढत वाढत बाजेच्या बाहेर गेली. शेवटच्या पावसाळ्यात सासूबाई म्हणाल्या की आता माझं माहेर शीव. त्यांचं माहेर रहिमतपूरचं. जाऊबाईंनी लगेच एका कडेला हातभर कोरं कापड जोडलं आणि विचारलं, काय काय हुतं तितं? सासूबाई म्हणाल्या, "लय हाय. दसऱ्यानंतर निवांत सांगते." दसऱ्याच्या आधीच, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या.

आता त्याला चार वर्षं झाली. मी एकदा म्हटलं, "अक्का, रहिमतपूर साताऱ्याहून जवळ आहे. आपण जाऊ, घर बघू, लोकांना विचारू." त्या आल्या. आम्ही दिवसभर हिंडलो. ती गल्ली सापडली, घराच्या जागी दुसरं घर होतं, शेजारच्यांनी बरंच काही सांगितलं. जाऊबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. येताना गाडीत मी विचारलं, आता काय काय शिवणार? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते त्या लोकांचं रहिमतपूर झालं गं. आत्याबाईंचं न्हवं."

परवा आष्ट्याला गेले होते. जाऊबाई नारळाच्या काथ्याला सुई टोचत बसल्या होत्या आणि काथ्या काही ऐकत नव्हता. शेजारच्या बाजेवर वाकळ पसरलेली होती. कडेचं कोरं कापड होतं तसंच होतं, फक्त नुकतंच धुऊन, हातानं ताणून सारखं केलेलं दिसत होतं.