व्हेलीइटी आणि एक उघडं पाकीट

धुळ्याच्या सत्र न्यायालयात त्या दिवशी निकाल वाचला गेला तेव्हा जळगावच्या एकाच दैनिकाचे आम्ही दोन बातमीदार हजर होतो. मी धुळ्याचा. तो अमळनेरचा, आरोपीची सासुरवाडी त्याच्या तालुक्यातली म्हणून आला होता. जळगावच्या कचेरीत उपसंपादकाची एक जागा रिकामी होती आणि ती आमच्यापैकी एकाला मिळणार होती. मी सात वर्षं वाट पाहत होतो. तो दीड.

विहिरीच्या वाटणीवरून भावाला ठार मारण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. इंग्रजी निकालात म्हटलं होतं, आरोपीचा तसा हेतू नव्हता, केवळ 'व्हेलीइटी' होती, सबब निर्दोष. मला शब्द कळला नाही. ते वाक्य गाळून मी 'पुराव्याअभावी सुटका' असं लिहिलं.

त्याची अमळनेरची गाडी आधी होती. आपल्या बातमीचं पाकीट माझ्याकडे देत तो म्हणाला, "भाऊ, जळगावच्या कंडक्टरकडे तुमच्या पाकिटाबरोबर हेही द्या."

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. स्थानकाच्या बाकावर बसून मी वाचलं. लॅटिनमध्ये 'वेल्ले' म्हणजे इच्छिणे. त्यावरून आलेला हा शब्द. मनात येते पण कृतीकडे एक पाऊलही टाकत नाही, अशी दुबळी इच्छा. कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या सरांकडून तो ऐकल्याचं त्याने मला पुढे सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्या क्षणी, बाकावर, मला त्याच्या सुबक अक्षराचाही राग आला.

पाकीट मी खिशात घातलं. एस.टी.त पाकिटं हरवत. कोणी विचारलं नसतं. जळगावची गाडी लागली. कंडक्टरने खिडकीतून हात बाहेर काढला.

"एकच ना?"

"दोन," मी म्हणालो आणि दिली.

त्याची बातमी पहिल्या पानावर आली. माझी आली नाही. ग्रंथालयात जाऊन मी मोठा इंग्रजी कोश काढला, तो कुठेतरी चुकला असेल या आशेने. अर्थ बरोबर होता. लॅटिनही.

महिन्याभरात जागा त्याला मिळाली. निरोप घ्यायला तो धुळ्याला आला. म्हणाला, "पाकीट तुम्ही पोचवलं, म्हणून बठ्ठं, सगळंच जमलं, भाऊ."

त्यानंतर माझ्या बातम्या त्याच्याच टेबलावर जाऊ लागल्या. पाकीट मी नीट चिकटवून देत असे.