भाऊ सुधारल्याचे पेढे

समस्त भाऊबंद, सोयरेधायरे आणि शहागडच्या स्टँडवर उगाच उभे राहणारे सज्जनहो, अत्यंत गंभीर बाब जाहीर करण्यात येते की आमचा थोरला चुलतभाऊ सुधारला आहे!

नव्वद सालाच्या पुढेमागे ही घोषणा मी घरोघर याच थाटात केली. आवाज माझा, पेढे काकूचे.

भावाचं हायवेवर पंक्चरचं दुकान. महिनेमहिने माणूस सरळ. मग एकाएकी झोप उडायची, तोंडाची टकळी सुरू व्हायची आणि स्वारी बायांच्या मागे. आज या ढाब्याकडे, उद्या कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून परगावी. "मन नको म्हणतंय रे, पाय ऐकत न्हाईत," असं मला सांगून रडायचा, डोळे पुसायचा आणि निघायचा. गाव त्याला रंगेल म्हणायचं. वहिनीने बॅग भरून ठेवली होती. आणखी एकदा असं झालं की माहेर, कायमचं.

तेव्हा काकूने त्याला जांब समर्थला नेऊन देवापुढे शपथ घ्यायला लावली. बोहल्यावरून पळालेल्या संताच्या गावी बायकोशी नीट नांदण्याची शपथ! मी देवळातच तोंडात रुमाल कोंबला.

शपथ लागू पडली. भाऊ घरात बसला, मग आडवा झाला, मग भिंतीकडे तोंड करून पडूनच राहिला. जेवण नको, आंघोळ नको, बाई तर नकोच नको. म्हणून पेढे.

वहिनीने पेढा घेतला नाही. "भाऊजी, हे सुधारणं न्हाई. काल म्हणाले, गोदावरीच्या पुलावर जाऊन येतो. मी दाराला कडी लावून बसले."

पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून आम्ही त्याला जालन्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं काय, तर झोप कधी गेली, खर्च कधी वाढला, बडबड कधी सुरू झाली. बायांचं सगळ्यात शेवटी. काकू तर तेच सांगायला पदर खोचून बसली होती.

"शपथेने काही झालं नाही," डॉक्टर म्हणाले. "ते उधाण आणि हे पडून राहणं, एकाच आजाराची दोन टोकं. बायांच्या मागे जाणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं नाही. याला आहे. गोळ्या रोज, बहुतेक कायमच्या. झोप कमी झाली की लगेच इकडे आणा. पण घरात लक्ष ठेवणारं माणूस पाहिजे."

काकूने वहिनीकडे पाहिलं. मी पाहिलं. भावानेही मान जरा वळवली. कित्येक वर्षं त्या बाईने त्याच्या येण्याजाण्याची चाहूल घेत काढली होती, आणि आता पुन्हा तिलाच जागं राहायला सांगत होतो.

वहिनी खुर्चीच्या पाठीला टेकली आणि डॉक्टरांसमोरच ओरडली, "नांदते बाबा, नांदते! पण आधी चार रोज मला कोणी उठवू नका!"